समुद्री कवच खंडाखाली का जाते? ‘जड असते म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे

प्रश्न थोडक्यात असा. दोन भूपट्ट एकमेकांवर आले की समुद्राचा तळ असलेला पट्ट खंडाखाली शिरतो. खंड समुद्रतळाखाली गेल्याचे दिसत नाही. असे का? शाळेच्या पुस्तकातले उत्तर एका ओळीचे आहे: समुद्री कवच बेसॉल्टचे, खंडीय कवच ग्रॅनाइटचे, बेसॉल्ट जड, म्हणून ते खाली जाते. विचारणाऱ्याची शंका त्यापुढची आहे. बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा जड असेल, पण दोन्हींच्या खाली असलेल्या प्रावरणापेक्षा तो हलकाच आहे. मग हलकी वस्तू जड वस्तूत बुडते कशी?

शंका रास्त आहे. पुस्तकातली ओळ चूक नाही, पण ती दोघांपैकी कोण खाली जाईल एवढेच सांगते. मुळात कोणी खाली का जावे, हे त्यात येत नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळवलेले विद्यार्थीही इथे हमखास अडखळतात.

आकडे मांडले की अडचण उघड होते. खंडीय कवचाची सरासरी घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.८ ग्रॅम, समुद्री कवचाची २.९ ते ३.०, आणि प्रावरणाच्या वरच्या भागातल्या पेरिडोटाइट खडकाची सुमारे ३.३. नुसत्या या आकड्यांवर गेले तर दोन्ही कवचांनी प्रावरणावर तरंगत राहायला हवे, एकाने जरा उंच, दुसऱ्याने जरा खाली. आणि ती तशी तरंगतातही. खंड समुद्रसपाटीच्या वर आणि समुद्रतळ सरासरी पावणेचार किलोमीटर खाली, हा फरक मुख्यतः त्यातूनच आला आहे.

गोम अशी की सरकतो तो एकटा कवचाचा थर नसतो. भूपट्ट म्हणजे कवच अधिक त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा थंड, कडक थर. दोन्ही मिळून शिलावरण. समुद्राखाली कवच जेमतेम सात किलोमीटर जाड असते, पण जुन्या समुद्रतळाखाली पूर्ण पट्टाची जाडी शंभर किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे पट्टाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पेरिडोटाइटच आहे. आणि तो ज्यात बुडतो, ते अस्थेनोस्फिअरही पेरिडोटाइटचेच. (अस्थेनोस्फिअर म्हणजे लाव्हाचा समुद्र नव्हे. तो घन खडकच आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबात तो हळूहळू वाहतो.) वर-खाली खडक तोच, फरक तापमानाचा. खालचा सुमारे १३०० अंश सेल्सिअस, वरचा त्याहून बराच थंड. थंड खडक आकसतो, आकसला की त्याची घनता वाढते. समुद्री पट्ट बुडण्याचे मूळ कारण इथे आहे: तो थंड आहे.

तो थंड होतो कसा, ते समुद्राच्या खोलीत चक्क मोजता येते. नवा समुद्रतळ मध्य-महासागरी रांगेवर तयार होतो. तिथे पाण्याची खोली साधारण अडीच किलोमीटर. तळ रांगेपासून दूर सरकतो तसा तो थंड होत, आकसत, खचत जातो. किती खचतो याचा नियम सोपा आहे: वय दशलक्ष वर्षांत घ्यायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे, ०.३५ ने गुणायचे आणि अडीचमध्ये मिळवायचे, की किलोमीटरमध्ये खोली येते. अडीच कोटी वर्षांच्या, म्हणजे २५ दशलक्ष वर्षांच्या तळासाठी सव्वाचार किलोमीटर. सात-आठ कोटी वर्षांपर्यंत हा नियम छान चालतो. पुढे खालून येणाऱ्या उष्णतेमुळे खचणे मंदावते आणि जुना तळ साडेपाच-सहा किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. पट्टाची जाडीही तशीच वर्गमुळाच्या चालीने वाढते, ढोबळमानाने वर्गमुळाच्या दहापट किलोमीटर.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. कच्चा आहे, पण कागदावर करून पाहण्यासारखा आहे. तापलेल्या पेरिडोटाइटची घनता ३.२५ धरा. हा खडक दर अंशाला साधारण लाखात तीन भाग प्रसरण पावतो. पट्टाचा माथा शून्य अंशाजवळ, तळ १३०० अंशांवर, म्हणजे पट्ट खालच्या खडकापेक्षा सरासरी ६५० अंशांनी थंड. ६५० गुणिले लाखात तीन, म्हणजे सुमारे दोन टक्के. म्हणून पट्टातला पेरिडोटाइट खालच्यापेक्षा घन सेंटिमीटरला जवळजवळ ०.०६५ ग्रॅमने जड. फरक किरकोळ दिसतो, पण तो डझनावारी किलोमीटर जाडीवर लागू होतो. उलट बाजूला कवच आहे: ३.२५ वजा २.९, म्हणजे ०.३५ ने हलके, पण फक्त सात किलोमीटर. सात गुणिले ०.३५ म्हणजे २.४५. हा पट्टाला वर धरून ठेवणारा वाटा. तो फेडायला २.४५ भागिले ०.०६५, म्हणजे अडतीस किलोमीटर थंड पेरिडोटाइट लागतो. कवच धरून पट्ट पंचेचाळीस किलोमीटर जाड झाला की पारडे समतोल. वर्गमुळाचा नियम उलटा चालवला तर ही जाडी दोन कोटी वर्षांत येते.

दोन कोटी वर्षांचा समुद्रतळ म्हणजे भूविज्ञानात तरुण पोर. खऱ्या पट्टात हा आकडा थोडा पुढे सरकतो, कारण रांगेखाली बेसॉल्ट वितळून निघून गेल्यावर मागे उरलेला पेरिडोटाइट मुळापेक्षा किंचित हलका असतो. तो धरला की उत्तर दोन कोटींपासून चार-पाच कोटी वर्षांपर्यंत कुठेही येते. मुद्दा बदलत नाही. पॅसिफिकच्या पश्चिमेकडचा तळ पंधरा कोटी वर्षांहून जुना आहे. तो केव्हाच समतोलाच्या पलीकडे गेला आहे. शंभर किलोमीटर जाडीच्या पट्टात ९३ गुणिले ०.०६५ म्हणजे ६ विरुद्ध २.४५. तो खालच्या खडकापेक्षा जड आहे, आणि तरीही वर आहे. तो का वर राहतो, त्याकडे शेवटी येऊ.

हाच हिशोब खंडाला लावा. कवच पस्तीस किलोमीटर, प्रत्येक किलोमीटरमागे ०.४५ चा हलकेपणा. गुणाकार पावणेसोळा. तो फेडायला सुमारे २४० किलोमीटर थंड पेरिडोटाइट हवा. खंडांच्या सर्वांत जुन्या गाभ्यांखाली दोनशे किलोमीटरची मुळे आहेत खरी, पण त्या मुळांतून इतके काही वितळून निघून गेले आहे की तो पेरिडोटाइट थंड असूनही फारसा जड नाही. म्हणून खंड कितीही म्हातारा होवो, बुडत नाही. कॅनडातले अकास्टा नाइस हे खडक चारशे कोटी वर्षांचे आहेत. समुद्रतळ मात्र, भूमध्य समुद्रातल्या एखाद्या वादग्रस्त तुकड्याचा अपवाद सोडला तर, वीस कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. त्याआधीचा सगळा खाली गेला आहे, किंवा खंडांच्या टकरीत चिरडला गेला आहे.

या हिशोबात घनतेपेक्षा जाडीचा वाटा मोठा आहे, हे लक्षात आले असेल. २.८ आणि २.९ यांत फारसे अंतर नाही. सात आणि पस्तीस यांत आहे. म्हणूनच ‘बेसॉल्ट जड’ या उत्तरावर माझे कधी समाधान झाले नाही. त्याची परीक्षा घ्यायची असेल तर जाड बेसॉल्ट शोधायला हवा, आणि निसर्गाने तो ठेवला आहे. सॉलोमन बेटांच्या उत्तरेला ऑन्टॉन्ग जावा नावाचे समुद्राखालचे पठार आहे. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी प्रचंड लाव्हा ओतून ते तयार झाले. खडक अस्सल समुद्री बेसॉल्ट, पण कवचाची जाडी तीस किलोमीटरहून अधिक. वय बघता त्याने आरामात बुडायला हवे होते. ते गर्तेपाशी, म्हणजे पट्ट जिथे खाली वळतो त्या समुद्रतळावरच्या खोल खाचेपाशी, पोचले आणि अडकले. पठाराचा बराचसा भाग खाली जाईना, तेव्हा बुडण्याची दिशाच उलटली. आता तिथे ऑस्ट्रेलियन पट्ट समोरून, विरुद्ध दिशेने खाली जातो. बेसॉल्ट असूनही जाड कवच खंडासारखेच वागते.

आणि खंडाची गरजही नसते. मारियाना गर्तेत दोन्हीकडे समुद्री पट्ट आहेत. पॅसिफिक पट्टाचा तिथला तळ पंधरा कोटी वर्षांहून जुना, समोरच्या फिलिपीन समुद्र पट्टाचा त्याहून कितीतरी तरुण. जुना, थंड, जाड पट्ट खाली गेला. तिथेच पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र आहे, जवळपास अकरा किलोमीटर. त्यामुळे ‘समुद्री पट्ट खंडाखाली जातो’ यापेक्षा ‘दोघांपैकी ज्याला बुडता येते तो बुडतो’ असे म्हटलेले बरे. समोर खंड असेल तर निकाल ठरलेलाच असतो, कारण खंडाला बुडताच येत नाही.

इथवर फक्त थंडीचा हिशोब झाला. बुडायला लागल्यावर गोष्ट आणखी रंगते, कारण ज्या कवचाने पट्टाला वर धरले होते तेच पक्ष बदलते.

पट्ट खाली जातो तसा दाब वाढतो. पन्नास ते शंभर किलोमीटरच्या टप्प्यात बेसॉल्टमधली खनिजे टिकत नाहीत. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे त्यातले मोठी जागा व्यापणारे, सैल बांधणीचे खनिज मोडते आणि त्याच्या घटकांतून गार्नेट आणि ऑम्फासाइट नावाचे हिरवे पायरॉक्सिन तयार होते. दोन्हींची अणुरचना घट्ट असते. या नव्या खडकाला एक्लोजाइट म्हणतात. हातात घेतला तर सुंदर दिसतो, हिरव्या पार्श्वभूमीवर लाल-तपकिरी दाणे, आणि त्या आकाराच्या दगडाच्या मानाने चांगलाच वजनदार लागतो. घनता ३.४ ते ३.५. आता कवच प्रावरणापेक्षा जड झाले. तरंगण्याचा वाटा संपला आणि ओढण्याचा वाटा सुरू झाला.

मग पूर्ण लोंबता पट्ट खाली ओढायला लागतो. पलंगावरची जाड चादर एका बाजूने लोंबायला लागली की लोंबणारा भाग उरलेली चादर खेचत नेतो, तसे हे आहे. भूपट्टांना चालवणाऱ्या बलांत ही ओढ सर्वांत मोठी. मध्य-महासागरी रांगेच्या उंचीमुळे पट्टाला मिळणारा रेटा तिच्या साधारण दहावा हिस्सा भरतो. १९७५ मध्ये डोनाल्ड फोर्साइथ आणि सेइया उयेदा यांनी जगातल्या पट्टांचे वेग आणि त्यांच्या कडा समोर ठेवून पाहिले. पट्ट लहान की मोठा याने वेगात फरक पडत नव्हता. ज्याच्या कडेचा जास्त भाग गर्तेत लोंबत होता तो पळत होता. पॅसिफिक, नाझका, कोकोस हे पट्ट वर्षाला सहा ते दहा सेंटिमीटरच्या आसपास सरकतात. ज्यांना असे काही लोंबत नाही ते युरेशियासारखे पट्ट एक-दोन सेंटिमीटरवर रेंगाळतात.

जुन्या पुस्तकांतले एक चित्र त्यामुळे डोक्यातून काढून टाकावे. त्यात प्रावरणात गोल गोल फिरणारे प्रवाह असतात आणि त्यांच्या पाठीवर पट्ट निमूट वाहून जातात. खरे तर समुद्री पट्ट हाच त्या अभिसरणाचा वरचा, थंड झालेला भाग आहे. त्याला कोणी खाली ढकलत नाही, समोरचा खंडही त्याला दाबत नाही. तो स्वतःच्या वजनाने उतरतो. उतरतानाही घसरगुंडीवरून गेल्यासारखा तिरका सरळ जात नाही, बराचसा खाली खचतो, आणि त्यामुळे गर्ताच मागे, समुद्राच्या दिशेने सरकत जाते. मारियानाच्या मागे समुद्रतळ ताणून नवा समुद्र उघडतो आहे, तो याच कारणाने. समोरच्या पट्टाने रेटले असते तर तिथे ताण नव्हे, दाब दिसला असता.

आता एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो यायलाच हवा. चिलीच्या दक्षिणेला ताईताओ द्वीपकल्पापाशी चक्क मध्य-महासागरी रांगच गर्तेत शिरते आहे. तिथला समुद्रतळ नुकता जन्मलेला, गरम, पातळ, हिशोबाने तरंगणारा. तो का जातो खाली? कारण तो एकटा नाही. त्याच पट्टाचा जुना, जड भाग शेजारी आणि पुढे लोंबतो आहे, आणि पट्ट कडक असल्याने तरुण तुकड्यालाही फरफटत नेतो. समतोलाचा हिशोब प्रत्येक तुकड्याचा वेगळा लागत नाही, सगळ्या पट्टाची बेरीज लागते. तरुणपणाची किंमत मात्र दिसते. नाझका पट्टाचा तळ मारियानाच्या मानाने तरुण आहे, तो दक्षिण अमेरिकेखाली मंद उताराने जातो. पेरूखाली तर शंभर किलोमीटर खोलीवर तो काही शे किलोमीटर जवळजवळ आडवाच पसरतो. त्या भागात वर ज्वालामुखी नाहीत. मारियानात पट्ट जवळपास उभा उतरतो. मंद उताराच्या ठिकाणी दोन पट्टांची घासणारी कड रुंद असते, आणि मोठे भूकंप तिथेच होतात. १९६० चा चिलीचा ९.५ रिश्टरचा, खरे तर मोमेंट मापनाचा, भूकंप आजवर मोजलेला सर्वांत मोठा आहे.

पट्ट खरोखर खाली जातो हे कळले तेही भूकंपांमुळेच. जपानमध्ये कियू वादाती यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिले की काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात. पुढे ह्यूगो बेनिऑफ यांनी गर्तांजवळच्या भूकंपांच्या नाभी, म्हणजे ते जिथे सुरू होतात त्या जमिनीखालच्या जागा, नकाशावर मांडल्या, तर त्या खंडाखाली तिरक्या उतरत जाणाऱ्या पट्टीत बसल्या. तेव्हा भूपट्टांचा सिद्धान्त अजून यायचा होता. आज त्या पट्टीला वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात. ती साधारण ७०० किलोमीटरपर्यंत जाते. २४ मे २०१३ ला ओखोत्स्क समुद्राखाली ६०० किलोमीटरहून खोल ८.३ चा भूकंप झाला. तो मॉस्कोतही जाणवला. इतक्या खोलीवर आजूबाजूचा खडक भूकंप होण्याइतका कडक नसतो. बुडालेला पट्ट कोट्यवधी वर्षे गेली तरी आतून थंड राहतो, म्हणून तिथे भूकंप होतो. भूकंपलहरीही थंड खडकातून जरा वेगाने जातात, आणि त्या वेगांवरून बुडालेल्या पट्टांची चित्रे काढता येतात.

खोल उतरताना दोन टप्पे महत्त्वाचे. ४१० किलोमीटरच्या आसपास पेरिडोटाइटमधल्या मुख्य खनिजाची, ऑलिव्हीनची, रचना बदलून ती अधिक घट्ट होते. थंड पट्टात हा बदल थोडा आधीच, कमी खोलीवर होतो, म्हणून ओढ वाढते. ६६० किलोमीटरवर उलट: तिथला बदल थंड पट्टात उशिरा होतो, त्यामुळे पट्टाला अडथळा येतो. जपानच्या बाजूने गेलेला पॅसिफिक पट्ट या पातळीजवळ चीनखाली आडवा पडला आहे. दुसरीकडे उत्तर अमेरिकेखाली गेलेला जुना फॅरॅलॉन पट्ट ही पातळी ओलांडून प्रावरणाच्या खालच्या भागात पोचलेला दिसतो.

मग खंड खाली जातच नाही का? जातो, थोडा वेळ. आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचा पुरावा दगडात हाताने दाखवता येतो.

भारतीय खंडाच्या उत्तरेला पूर्वी टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली जात होता, आणि त्याच पट्टाला मागे भारत जोडलेला होता. समुद्र संपल्यावर, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, खंडाची कड गर्तेत आली. पुढे बुडालेला समुद्री पट्ट ओढतच होता, त्यामुळे खंडाची कडही त्याच्या मागोमाग आत गेली. लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात साडेचार हजार मीटर उंचीवर जे नाइस खडक दिसतात, ते म्हणजे भारतीय खंडाची ती कड. त्यात काळपट एक्लोजाइटचे गोळे अडकलेले आहेत. त्यांची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गार्नेटच्या आत सिलिकाचे बारीक कण दिसतात, आणि काही कणांभोवती गार्नेटला चारही दिशांना भेगा पडलेल्या असतात. हे कण मुळात कोएसाइटचे. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली तयार होणारे क्वार्ट्झचे रूप. त्याला किमान नव्वद किलोमीटर खोलीचा दाब लागतो. खडक वर येऊ लागला, दाब उतरला, कोएसाइटचे पुन्हा क्वार्ट्झ झाले, ते फुगले आणि त्याने भोवतीचे गार्नेट फोडले. मध्यभागी कुठे कुठे कोएसाइटचा कण अजून शिल्लक असतो. खंडीय खडकात कोएसाइट असू शकते हे १९८४ मध्ये आल्प्समधल्या दोरा-मायरा भागातून ख्रिश्चन शोपाँ यांनी दाखवेपर्यंत कोणाला फारसे पटले नसते.

म्हणजे खंडाचे कवच नव्वद किलोमीटर खाली गेले आणि परत आले. परत का आले, याचे उत्तर वरच्या हिशोबातच आहे: पावणेसोळाचा हलकेपणा. समुद्री पट्ट खाली ओढतो, खंड वर येऊ पाहतो, मधला सांधा ताणला जातो आणि कधीतरी तुटतो. लोंबता पट्ट सुटून एकटा खाली जातो, खंडाची कड वर उसळते. भारताचा वेग टकरीआधी वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या पुढे होता, आज तो पाचच्या आसपास आहे. बुडता न येणारा खंड आला की असेच होते: पट्टाचा वेग मंदावतो, कवच एकावर एक चढते, आणि तिबेटखाली आज दिसते तशी सत्तर किलोमीटर जाडी तयार होते.

उलट प्रकारही घडतो. टकरीच्या गडबडीत समुद्रतळाचा एखादा पातळ कापा सुटून खंडावर चढून बसतो. त्याला ऑफिओलाइट म्हणतात. ओमानमधला सर्वांत मोठा आणि नीट जपलेला. समुद्री कवच खंडाच्या वर सापडते म्हणून नियम मोडला असे मात्र समजू नये. तिथेही खंडाची कड समुद्री पट्टाखाली थोडी गेली होती आणि मग हलकेपणामुळे वर आली, पाठीवर समुद्रतळ घेऊन.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण त्याच्यावाचून हे यंत्र चालेल असे वाटत नाही. समुद्रतळाच्या खडकांत खनिजांना बांधलेले पाणी असते. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर ते सुटते, वरच्या गरम पेरिडोटाइटमध्ये शिरते, त्याचा वितळबिंदू उतरवते आणि मॅग्मा तयार होतो. गर्तेला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते ती यामुळे. पट्ट घासून वितळतो ही समजूत चुकीची आहे. समुद्रतळावरचा गाळसुद्धा खाली जातो याचा पक्का पुरावा बेरिलियम-१० मध्ये मिळाला. हा किरणोत्सारी अणू वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतो, समुद्राच्या चिखलात बसतो आणि सुमारे चौदा लाख वर्षांत निम्मा होतो. मध्य अमेरिकेतल्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात तो सापडला. म्हणजे चिखल खाली जाऊन काही दशलक्ष वर्षांतच लाव्हातून वर आला होता.

आणि आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न: जड झालेला समुद्रतळ लगेच का बुडत नाही? अटलांटिकचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा तळ अठरा कोटी वर्षांच्या आसपास आहे. समतोलाच्या कितीतरी पुढे. तरी तो जागचा हलत नाही. कारण बुडण्यासाठी आधी पट्ट वाकावा लागतो, तुटावा लागतो, आणि शंभर किलोमीटर जाडीचा थंड खडक वाकवणे ही साधी गोष्ट नाही. वजन आहे, पण दरवाजा उघडलेला नाही. तो उघडायला जुना भ्रंश, दोन वेगवेगळ्या वयांच्या तळांना जोडणारी फट किंवा पाणी मुरून सर्पेंटाइन झालेला मऊ पट्टा लागतो. जपानच्या दक्षिणेला इझू-बोनिन भागात २०१४ मध्ये समुद्रतळात खोल विंधणे घेऊन जी लाव्हा मिळाली, तिच्यावरून तिथली सुरुवात सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी झाली असे दिसते. न्यूझीलंडच्या दक्षिणेला पुइसेगुर गर्तेत, जिथे आधी दोन पट्ट नुसते शेजारून घासत होते, तिथे हे काम आत्ता कुठे सुरू झाले आहे. शुक्र ग्रह आकाराने पृथ्वीएवढाच, पण तिथे पाणी नाही आणि पट्टांचे असे जाळेही नाही. दोन्हींचा संबंध असावा असे बहुतेकांना वाटते, मलाही.

अटलांटिकमध्ये गर्ता दोनच ठिकाणी आहेत, कॅरिबियनमधल्या लेसर अँटिलिसपाशी आणि दक्षिणेला साउथ सँडविच बेटांपाशी. बाकी सगळ्या किनाऱ्यावर खंड आणि समुद्रतळ एकमेकांना शिवलेले, एकाच पट्टाचे दोन भाग आहेत. किनारा ही पट्टाची सीमा नाही. म्हणूनच न्यूयॉर्कसमोर ना गर्ता आहे, ना मागे ज्वालामुखींची रांग. चिलीसमोर दोन्ही आहेत.